कॉर्सेअर सीएक्स ५५० : रामबागेतल्या जुन्या घरात, इंदूरच्या लाइटवर

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांचं काम होईल. मिडरेंज ग्राफिक्स कार्ड असेल आणि बजेट पाच हजाराच्या आसपास असेल तर कॉर्सेअरचा सीएक्स ५५० एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा, घ्या, चांगला आहे, मी पाचपैकी चार देईन. ज्यांना ७५० वॅटच पाहिजे कारण आकडा मोठा आहे, किंवा कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस "चालतोय ना" म्हणून ज्यांनी ठेवलाय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

मशीन माझ्या भाच्याचं आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बारा जीबीवालं, दोन रॅमच्या पट्ट्या, एक एनव्हीएमई एसएसडी आणि ताईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो असलेली एक म्हातारी हार्डडिस्क जी काढायला घरात परवानगी नाही. पोरगा इंटिरियरचा कोर्स करतो, रात्रभर ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे रेंडर लावतो, म्हणजे डिझाइनचं पक्कं चित्र बनवायला. प्रॉब्लेम असा की क्रोम, यूट्यूब, कॉलेजची पीपीटी सगळं मस्त चालायचं आणि रेंडर सुरू झालं की थोड्या वेळात स्क्रीन काळी आणि मशीन रिस्टार्ट. ना निळी स्क्रीन ना एरर, सरळ जणू कोणी बटण दाबलं. त्याने विंडोज नवीन टाकून पाहिलं, ड्रायव्हर मागे-पुढे करून पाहिले, मित्रांनी रॅम बदल म्हणून सांगितलं. लोड आला की अचानक रिस्टार्ट आणि बाकी वेळ सगळं ठीक, असं असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यायचा, पण होतं काय की लोक तिथे सगळ्यात शेवटी पोचतात कारण पंखा फिरतोय आणि लाइट लागतेय म्हणजे तो चांगला असं सगळ्यांना वाटतं.

साइडचं झाकण काढलं आणि लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली तो छोटा तक्ता असतो ना, वरच्या ओळीत +३.३, +५, +१२, -१२ आणि +५ एसबी (स्टँडबाय) असे वोल्ट, आणि प्रत्येकाखाली ॲम्पिअर, तो बघा, सगळी गोष्ट तिथेच असते. याच्यात १२ वोल्टच्या खाली लिहिलं होतं १४ ॲम्पिअर. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आणि आजच्या मशीनमधे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं जवळजवळ सगळं १२ वोल्टमधूनच खातात. पेंटियम ४ आलं तेव्हापासून, म्हणजे २००० सालापासून, प्रोसेसरला वेगळी १२ वोल्टची वायर जाते, आणि हे स्वस्तवाले डबे आजही ३.३ आणि ५ वर भरपूर ॲम्पिअर लिहून टोटल फुगवतात जे आता कोणाच्या कामाचे नाहीत. (लेबलवर १२ व्ही१ आणि १२ व्ही२ असं वेगवेगळं लिहिलं असेल तर दोन्हीची बेरीज करू नका, खाली कंबाइंड वॅट असतात ते बघा.)

आता मशीनला किती लागतं ते. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण बूस्टमधे, म्हणजे पूर्ण जोर लावून चालताना, ७६ पर्यंत जातं. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क सगळं मिळून ४०-५० धरा. म्हणजे अगदी तोंड वासून चाललं तरी ३०० च्या आतबाहेर, आणि १२ वोल्टवर देणारा देतोय १६८, तेही लेबल खरं बोलत असेल तर. जे होत होतं ते व्हायलाच पाहिजे होतं.

मग लोक विचारतात की ३०० लागतात तर ४०० चा का नको, आणि एनव्हिडिया ३०६० साठी ५५० का सांगतं. एक तर कंपनीला माहीत असतं की लोक कसले कसले डबे लावतात त्यामुळे ती हातचं राखून सांगते. दुसरं म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा तो १७० हा सरासरीचा आकडा, मिलिसेकंदाच्या हिशोबात ते मधेच बरंच वर उसळतं, आणि तेवढा झटका सहन झाला नाही की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. तिसरं म्हणजे अर्ध्या-पाऊण लोडवर चालणारा पॉवर सप्लाय थंड राहतो, पंखा कमी ओरडतो, आत कपॅसिटर जास्त टिकतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२ असतं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर लावूनही काय थंडावा मिळतो ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे ५५० बरोबर आहे. त्याच्या वर जायचं कारण या मशीनला नव्हतं.

खरेदी सिल्व्हर मॉलमधून, म्हणजे आरएनटी मार्गावर, जिथून सगळं इंदूर घेतं. आधी दोन-चार दुकानं फिरलो आणि एका ठिकाणी जे झालं ते लिहितो, दुकानाचं नाव नाही लिहीत. आत शिरताच, "भिया, साढ़े सात सौ वाला ले जाओ, आरजीबी भी है, फ्यूचर प्रूफ." भाव सीएक्स ५५० पेक्षा कमी. भाच्याचे डोळे चमकले. "मामा, ७५० चा घेऊ ना, पुढेमागे कार्ड बदललं तर कामी येईल." म्हटलं डबा उघडून दाखवा. हातात घेतला तर रिकाम्या खोक्याएवढंच वजन, आणि लेबलवर १२ वोल्टखाली २५ ॲम्पिअर. १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट. ७५० मधले ३०० खरे आणि बाकी रंगीत लाइट. ८० प्लसचा (वीज किती कमी वाया जाते त्याचा) स्टिकर नाही, वॉरंटी "दुकान से एक साल". भाच्याला म्हटलं मोबाइल काढ आणि गुणाकार कर, त्याने केला, आणि त्यानंतर त्या पोराने स्वतःच प्रत्येक दुकानात डबा उलटा करून लेबल वाचायला सुरुवात केली. दुकानदार वैतागतात, वैतागू द्या.

सीएक्स ५५० च्या लेबलवर ५५० मधले जवळपास सगळे वॅट १२ वोल्टवर मिळतात. खऱ्या ५५० ची खूण हीच की १२ वोल्टखाली ४५ च्या आसपास ॲम्पिअर दिसले पाहिजेत. हे एकाच कंपनीचं कौतुक नाही, डीपकूल, कूलर मास्टर, सीझॉनिक, एमएसआय यांच्या चांगल्या मॉडेलवरही असंच असतं, आणि तसंही डब्यावर ज्याचं नाव असतं तोच आतलं बनवतो असं नाही, कॉर्सेअरचे पॉवर सप्लाय दुसऱ्या कारखान्यांत बनतात, सीझॉनिकसारखे थोडेच स्वतःचं स्वतः बनवतात. म्हणून ब्रँडवर जाऊ नका, मॉडेलवर जा. एकाच ब्रँडची एक सिरीज सोनं असते आणि दुसरी भंगार.

८० प्लसबद्दल थोडं, कारण त्यावरून फार गोंधळ असतो. ही स्कीम २००४ पासूनची आणि ती फक्त एवढंच सांगते की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचली आणि किती उष्णता होऊन उडाली. ब्राँझ म्हणजे अर्ध्या लोडला ८५ टक्के, गोल्ड म्हणजे ९०, तेही अमेरिकेच्या ११५ वोल्टवर मोजलेलं, आपल्या २३० वर सगळेच थोडे बरे चालतात. शॉर्ट झाल्यावर बंद होईल का, ओव्हरलोड सहन करेल का, पंखा किती टिकेल, यातलं काही त्या स्टिकरमधे नाही. आणि पैशाचा हिशोब बघा. आत २८० वॅट लागत असतील तर ब्राँझवाला भिंतीतून साधारण ३३० ओढेल, गोल्डवाला ३११. फरक १८-१९ वॅटचा. रोज पाच तास फुल लोड धरला तरी वर्षाला ३३-३४ युनिट, सात रुपये युनिट धरलं तर अडीचशेच्या आत. गोल्डसाठी दोन-अडीच हजार जास्त मोजले तर लाइटबिलातून ते वसूल व्हायला दहा वर्षं जातील. गोल्डवाले बहुतेक आतून पण चांगले बनवलेले असतात आणि आवाज कमी करतात, त्यासाठी घ्यायचा तर घ्या, बिल वाचेल म्हणून नको.

लावायला काही विशेष नाही. कॅबिनेटला खाली जाळी आहे म्हणून पंखा खाली तोंड करून बसवला. हा नॉन-मॉड्युलर आहे, म्हणजे सगळ्या वायरी डब्यातून कायमच्या बाहेर आलेल्या, लागोत न लागोत. छोट्या कॅबिनेटमधे त्या उरलेल्या वायरींचं काय करायचं हा प्रश्न पडतो, आम्ही हार्डडिस्कच्या पिंजऱ्याच्या मागे कोंबल्या. एक मार्क त्याच्यासाठी कापला. पण ज्यांना एकदा लावून विसरायचंय त्यांना नॉन-मॉड्युलरचा एक फायदा पण आहे, चुकीची वायर लागायची भानगड नाही. मॉड्युलर घेणाऱ्यांनी कृपा करून हे ऐका: एका कंपनीच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण डब्याकडच्या पिना प्रत्येकाने आपल्या मर्जीने ठेवल्यात, ५ च्या जागी १२ वोल्ट जातात आणि एसएसडी क्षणात जाते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन सिरीजमधे पण फरक असतो.

लावल्यावर मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या चार पिनच्या प्लगच्या, पिवळ्या आणि काळ्या वायरीत मल्टीमीटर धरून रेंडर लावलं. १२ वोल्टला पाच टक्के मागेपुढे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचा फुल लोडवर पण १२ च्या जवळच राहिला, अगदी थोडासा हलला. रिस्टार्ट बंद. पंखा १२० एमएमचा, रेंडरच्या वेळी ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांचाच आवाज येतो, याचा वेगळा ऐकू येत नाही. कूलर चालू असेल तर काहीच ऐकू येत नाही, तो भाग वेगळा.

इथे रिव्ह्यू संपला असता, पण खरी मजा नंतर आली. ताईने केर काढताना कॅबिनेटला हात लावला आणि ओरडली, "अरे हा नवीन आणलेला करंट मारतोय! जुन्याला कधी असं झालं नाही. उद्या परत देऊन ये." आणि खरंच, हाताची मागची बाजू हळूच फिरवली की पत्र्यावर झिणझिण. मीटरने कॅबिनेटचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं तर शंभरच्या वर वोल्ट.

डबा खराब नव्हता. कुठल्याही धड एसएमपीएसमधे, जिथे मेन वायर आत येते तिथे एक फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. घराला अर्थिंग असेल तर तिथून जाणारा जरासा करंट अर्थच्या वायरीने निघून जातो, कोणाला कळत पण नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, २३० चा अर्धा म्हणजे ११५ च्या आसपास. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून फक्त झिणझिण होते. मग जुन्यात का नव्हती? तो बरेच दिवस पडून राहिल्यावर उघडला (तुम्ही उघडू नका, ॲक्टिव्ह पीएफसीवाल्यांच्या, म्हणजे भिंतीतून येणारा करंट सुधारून घेणारं सर्किट असलेल्या डब्यांच्या, आत ३८०-४०० वोल्ट डीसी असतं आणि वायर काढल्यावरही राहू शकतं). बोर्डावर फिल्टरच्या जागा छापलेल्या, कॉइलचं चित्र, कपॅसिटरचं चित्र, आणि त्या जागी पार्टच नाहीत, कॉइलच्या ठिकाणी नुसता तारेचा तुकडा टाकून पूल केलेला. पैसे वाचवले. फिल्टरच नाही तर झिणझिण कुठून येणार. ताईला हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं, तिच्या मते अजूनही जुना "शांत" होता.

रामबागेतली जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत, आजोबांच्या काळातली वायरिंग, नंतर कोणीतरी तीन पिनचे बोर्ड बसवले पण तिसऱ्या भोकात मागे काहीच जोडलेलं नाही. इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला दोन मिनटात करतो, न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनला मारतो. हे कोणी म्हणालं तर हात जोडून परत पाठवा. झिणझिण जाते खरी, पण उद्या कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेट, फ्रीज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतो. मागच्या अंगणात खड्डा करून जीआय पाइप टाकून घेतला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, तिथून हिरवी वायर बोर्डापर्यंत. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतायचं. त्यानंतर पत्रा आणि न्यूट्रलमधे दोनेक वोल्ट. स्पाइक बस्टर घेणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, अर्थ नसेल तर त्याचं अर्धं काम होतच नाही.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. आपल्याकडे पहिल्या पावसाला लाइट जाते-येते, जाते-येते, आणि घरोघरी इन्व्हर्टर आहे, आणि लोक म्हणतात इन्व्हर्टर असून पीसी बंद का पडतो. पॉवर सप्लायच्या आतला मोठा कपॅसिटर लाइट गेल्यावर फुल लोडला साधारण १६ मिलिसेकंद मशीन ओढून धरतो, पॉवर सप्लायच्या एटीएक्स स्टँडर्डमधे ३.० येईपर्यंत तेवढंच मागितलेलं होतं. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असेल तर त्याला बॅटरीवर यायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, पंखा आणि ट्यूबलाइटला काय फरक पडतो, पीसी मात्र गेला. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबा, बदल लवकर होतो. आमच्याकडे ते दाबलेलंच नव्हतं, इतकी वर्षं कोणी मागे बघितलं नव्हतं. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मात्र ॲक्टिव्ह पीएफसीवाले पॉवर सप्लाय त्याच्यावर कुरकुर करतात, घरघर आवाज किंवा सरळ बंद, तिथे प्युअर साइन वेव्हच पाहिजे. वेगळा यूपीएस घेणार असाल तर व्हीएवर (वोल्ट-ॲम्पिअर, डब्यावरचा मोठा आकडा) जाऊ नका, इथे पण वॅट वाचा, ६०० व्हीएचा छोटा डबा साधारण ३६० वॅट देतो आणि आमचं मशीन मॉनिटरसकट रेंडरमधे तिथपर्यंत जवळजवळ पोचतं. १००० व्हीएच्या वरचा बघा.

वॉरंटी पाच वर्षं आहे. बिल पक्कं घ्या, जीएसटीवालं, १८ टक्के लागतात ते लागू द्या, "बिना बिल के दो सौ कम" मधे पडू नका कारण पाच वर्षांनी त्या दोनशे रुपयांचं काय झालं आठवणार पण नाही आणि वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न बिलाचा असतो. डब्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो बसवायच्या आधी काढा, नंतर पूर्ण मशीन खोलावं लागतं. आपल्या माळव्यात धूळ भरपूर, खालची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून झटकत जा, ब्लोअर मारलात तर पंख्यात काडी अडकवून मारा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि कोणाकडून जुना पॉवर सप्लाय आणलात आणि मागे लाल स्विच दिसला तर आधी २३० वर आहे का ते बघा. ११५ वर असताना लावला तर फटाका.

५५० कोणी घेऊ नये ते पण सांगतो. आरटीएक्स ५०६० पर्यंत हा चालेल, एनव्हिडिया स्वतः त्याला ५५० च सांगतं. ५०७० घ्यायचा विचार असेल, तो २५० वॅटचा आहे, त्याला ६५० सांगितलंय, आणि ५०७० टीआयला ७५०. तिकडे जाणार असाल तर वॅटबरोबर एटीएक्स ३.१ लिहिलेला आणि सोळा पिनची वायर डब्यातूनच येणारा बघा, म्हणजे मधे ॲडॉप्टरचा गुच्छ लावावा लागत नाही, आणि ती वायर शेवटपर्यंत दाबून बसवा, अर्धवट बसली की तापून वितळते, २०२२ मधे आरटीएक्स ४०९० कार्डवाल्यांचं बरंच तेच झालं होतं. भाच्याला ५०७० पाहिजेच आहे. त्याला सांगितलंय की पहिली नोकरी लागली की स्वतःच्या पैशाने कार्ड घे, तेव्हा ७५० चा पण घेऊ, आणि हा ५५० माझ्या ऑफिसच्या पीसीत जाईल.